अडुळशाचा १८ मिलिमीटरचा झोन आणि टीबीचा जंतू

सोलापुरातल्या एका महाविद्यालयात एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिने सहा वनस्पतींचे मिथेनॉल अर्क काढलेत: अडुळसा, खोकली, तरवड, भुईरिंगणी, गुळवेल आणि डाळिंबाची साल. अडुळशाची वाळलेली पानं काष्ठौषधीच्या दुकानातून आणली, बाकीचं शेताच्या बांधावरून. मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस या टीबीच्या जंतूच्या चुलतभावावर अगार वेल पद्धतीने तपासलं, म्हणजे जंतू पसरलेल्या जेलीसारख्या अगारमध्ये खळगे (वेल) पाडून त्यांत अर्क भरला. अर्काची तीव्रता मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम, प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटर. अडुळशाला १८ मिलिमीटरचा झोन (जंतू न वाढलेलं मोकळं वर्तुळ) मिळाला, तरवडाला १२ मिलिमीटरचा, खोकलीला काहीच नाही. आता ती विचारते की खऱ्या टीबीच्या जंतूवर हे कसं तपासायचं, रुग्णांच्या बेडक्यातून जंतू वाढवून कॉलेजच्याच लॅबमध्ये करता येईल का, आणि तिच्या आत्या विड्या वळतात, त्यांना टीबी झालाय, गोळ्यांबरोबर त्या अडुळशाचा काढा घेतात, तो चालू ठेवावा का.

मी चोवीस वर्षं मायकोबॅक्टेरियाच्या प्रयोगशाळेत काढली, त्यातली निम्मी वनस्पतींच्या अर्कांवर. वाढले सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागाच्या खडखडाटात. खोकणारी माणसं तेव्हा गल्लीगल्लीत होती, आणि प्रत्येक घरी कुणीतरी अडुळशाची पानं उकळत असायचं. त्यामुळे तुमचा प्रश्न मला परका नाही.

शेवटचा प्रश्न आधी घेते. अर्क फ्रीजमध्ये महिनाभर पडून राहिले तरी काही बिघडत नाही, आत्यांचं तसं नाही.

त्यांचा जंतू नेहमीच्या औषधांना दाद देणारा असेल तर उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रायफॅम्पिसिन, पायरॅझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधं, पुढचे चार महिने पायरॅझिनामाइड सोडून उरलेली तीन. सरकारी केंद्रात ही औषधं फुकट मिळतात. जंतू रायफॅम्पिसिनला दाद देतो की नाही हे सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणीत कळतं. ती झाली आहे का, हे त्यांच्या कागदांवर आधी बघा. झाली नसेल तर आग्रह धरा.

काढ्याचा खरा धोका तिसऱ्या महिन्यात येतो. खोकला थांबलेला असतो, भूक लागायला लागते, वजन वाढतं. गोळ्यांनी मळमळतं आणि काढ्याने बरं वाटतं. मग गोळ्या सुटतात, काढा राहतो, आणि श्रेय काढ्याला जातं. शरीरात उरलेले सुस्त जंतू मात्र तसेच असतात, आणि परत उठतात तेव्हा कधीकधी औषधाला न जुमानणारे होऊन उठतात. आणखी एक गोष्ट आत्यांना आधीच सांगून ठेवा. रायफॅम्पिसिनने लघवी नारिंगी-लाल होते. रक्त जातंय असं वाटून गोळ्या बंद केलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

माझं मत स्पष्ट आहे. हे सहा महिने काढा बाजूला ठेवावा. अडुळसा वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण आयसोनियाझिड, रायफॅम्पिसिन आणि पायरॅझिनामाइड ही तिन्ही औषधं यकृताला त्रास देऊ शकतात. उद्या आत्यांचे डोळे पिवळे झाले, उलट्या सुरू झाल्या, तर तो त्रास गोळीचा की काढ्याचा, हे डॉक्टरांना ओळखता आलं पाहिजे. काढा सोडायला त्या तयारच नसतील तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका. घरात कुणी गरोदर असेल तर तिला मात्र अडुळसा मुळीच नको, त्यातलं वासिसीन गर्भाशयाचं आकुंचन घडवतं. काढ्यावर जी माया आहे ती जेवणाकडे वळवा. निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये मिळतात, ते त्यांच्या खात्यात येतात का पाहा. झारखंडमध्ये झालेल्या 'रेशन्स' अभ्यासात रुग्णाच्या घरच्यांना पुरेसं धान्य-डाळ दिल्यावर त्या घरांमधलं टीबीचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, डाळ, जमलं तर अंडं. घरातल्या सगळ्यांना.

आता तुमचा झोन.

आधी एक गणित मांडू. मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम अर्क, त्यातले १०० मायक्रोलिटर, म्हणजे एका वेलमध्ये १० मिलिग्रॅम. मायक्रोग्रॅममध्ये १०,०००. रायफॅम्पिसिनची जी कागदी डिस्क आपण प्लेटवर ठेवतो तिच्यात ५ मायक्रोग्रॅम औषध असतं. तुम्ही तिच्या दोन हजार पट माल ओतलात. इतका माल ओतला तर कितीतरी झाडपाल्यांचा झोन मिळतो. त्यातून एवढंच कळतं की अर्कात काहीतरी आहे. ते कामाचं आहे का, हे कळत नाही.

दुसरं, झोनचा आकार हा औषधाच्या ताकदीइतकाच ते अगारमधून किती पसरतं यावर ठरतो. अगार म्हणजे बहुतांशी पाणी. पाण्यात विरघळणारे घटक त्यात झरझर पसरतात, तेलकट घटक वेलच्या काठालाच बसून राहतात. टीबीच्या जंतूभोवती मायकोलिक आम्लांचं मेणासारखं कवच असतं, आणि त्यातून आत शिरणारी द्रव्यं बऱ्याचदा तेलकटच असतात. म्हणजे ज्यांच्यावर आशा ठेवावी तीच द्रव्यं या पद्धतीत मागे पडतात. तुमच्या खोकलीला झोन आला नाही म्हणून तिला बाद करू नका. आणि अडुळशाचे १८ व तरवडाचे १२ मिलिमीटर शेजारी ठेवून 'अडुळसा दीडपट चांगला' असं तर कुठेच लिहू नका. नुसतं मिथेनॉल घातलेल्या वेलचा झोन किती आला, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तो आकडा मला सगळ्यात आधी हवा होता.

स्मेग्मॅटिस निवडला यात चूक नाही. तो साधारण तीन तासांत दुप्पट होतो, टीबीचा जंतू त्यासाठी १८ ते २४ तास घेतो. कॉलेजच्या लॅबला स्मेग्मॅटिसच परवडतो. पण त्याचा कौल अर्धवट असतो. आयसोनियाझिड हे टीबीवरचं १९५२ पासूनचं बिनीचं औषध, स्मेग्मॅटिसवर मात्र ते फार कमी चालतं. फक्त स्मेग्मॅटिसवर चाळणी लावली असती तर ते आपण फेकून दिलं असतं. उलट बेडाक्विलिन हे प्रतिरोधी टीबीवरचं नवं औषध याच स्मेग्मॅटिसवर हजारो रसायनं तपासताना हाती लागलं. तेव्हा स्मेग्मॅटिसचं 'हो' पुढे न्यायचं, त्याचं 'नाही' कच्च्या वहीत ठेवायचं.

बेडक्यातून जंतू वाढवायचा विचार आजच सोडून द्या. 'जपून करू' असंही नाही. करूच नका.

कारण सांगते. मी शिकाऊ होते तेव्हा एका प्रयोगशाळेत सेंट्रिफ्यूज फिरत असताना एक नळी तडकली. आवाजही फार आला नाही. आमच्या वरिष्ठांनी झाकण उघडू दिलं नाही, श्वास रोखून बाहेर पडायला सांगितलं, आणि खोली दुसऱ्या दिवसापर्यंत बंद ठेवली. त्यानंतर दोन वर्षं आम्हा तिघांचे दर सहा महिन्यांनी एक्स-रे होत होते. तिथे बंदिस्त व्यवस्था होती, हवा आत ओढून गाळणीतून बाहेर टाकणारी यंत्रणा होती, तरीही. श्वासावाटे गेलेले मोजके जंतूसुद्धा संसर्गाला पुरतात. कॉलेजमधलं लॅमिनार, म्हणजे गाळलेल्या हवेचं कपाट, तर हवा आतून तुमच्या तोंडाकडे फेकतं. ते तुमच्या प्लेटला वाचवतं, तुम्हाला नाही. जिवंत टीबीचा जंतू वाढवायला तिसऱ्या पातळीची जैवसुरक्षा लागते. शिवाय रुग्णाचा नमुना म्हटला की नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णाची लेखी संमती आलीच.

मग करायचं काय? जगभर यासाठी एकच ओळखीचा जंतू वापरतात, एच३७आरव्ही. मूळ एच३७ हा १९०५ मध्ये अमेरिकेतल्या सॅरानॅक लेकच्या आरोग्यधामात एका एकोणीस वर्षांच्या रुग्णापासून वेगळा केला होता. पुढे १९३० च्या दशकात विल्यम स्टीनकेन यांनी त्याच्या दोन शाखा वेगळ्या केल्या, रोग करणारी आरव्ही आणि ती ताकद गमावलेली आरए. आरव्हीचा संपूर्ण जनुकक्रम १९९८ मध्ये वाचला गेला. सगळ्यांनी तोच वापरला तरच सोलापूरचा आकडा आणि चेन्नईचा आकडा शेजारी ठेवता येतो. रुग्णाकडून घेतलेला जंतू तुमच्याशिवाय कुणाकडेच नसणार, मग पडताळायचं कुणी?

आरए दुसऱ्या पातळीच्या सोयीत हाताळता येतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तो वापरून चाचण्यांवर काम झालेलं आहे. आरव्हीसाठी चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था आणि आग्र्याची जालमा या संस्था आहेत. तुमच्या गाईडनी पत्र लिहावं. तुम्ही अर्क नीट वाळवून, गडद कुपीत, वजन आणि तारखेसह पाठवायचे. जंतूला हात त्यांनी लावायचा. यात कमीपणा नाही. माझ्या अनुभवात अर्कांच्या कामातल्या दहा चुकांमधल्या आठ जंतूपर्यंत पोचायच्या आधीच झालेल्या असतात, आणि तो आधीचा भाग पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

त्यातली सगळ्यात मोठी चूक मी स्वतः केली आहे, आणि ती नेमकी अडुळशाचीच.

आमच्याकडे बाजारातून आणलेल्या अडुळशाच्या अर्काने एकदा फार सुंदर निकाल दिला. मिलिलिटरला २५ मायक्रोग्रॅमला वाढ बंद. आम्ही हरखलो. पुढच्या हंगामात ताजी पानं झाडावरून आणून तोच अर्क केला, तर २०० मायक्रोग्रॅमलाही जंतू मजेत वाढत होता. पद्धत तीच, हात तेच. तीन महिने आम्ही अगार बदलला, द्रावण बदललं, इनक्युबेटरचं तापमान मोजत बसलो. शेवटी वनस्पतिशास्त्राच्या एका बाईंनी जुन्या पोत्यातला चुरा मागितला. पानाचे तुकडे क्लोरल हायड्रेटमध्ये उकळून पारदर्शक केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. अडुळशाच्या पानात प्रत्येक रंध्राला दोन साहाय्यक पेशी कवटाळून असतात, रंध्राच्या फटीला आडव्या. शिवाय मधूनमधून लांबट, सिगारसारख्या आकाराचे चुनखडीचे खडे दिसतात, त्यांना सिस्टोलिथ म्हणतात. आमच्या चुऱ्यातल्या जवळजवळ निम्म्या तुकड्यांत यातलं काहीच नव्हतं. ती पानं महारुखाची होती. महारुख आपल्याकडे रस्त्याच्या कडेला, कोरड्या माळावर कुठेही दिसतो, आणि त्याचा पाला अडुळशात मिसळणं ही जुनी भेसळ आहे. महारुखात क्वासिनॉइड वर्गातली कडू द्रव्यं असतात, आणि त्यांतली कित्येक पेशींना मारक असतात. आमच्या त्या सुंदर अर्काने पुढे माकडाच्या मूत्रपिंडाच्या व्हेरो पेशीही तितक्याच सहज मारल्या.

तुमचा अडुळसा दुकानातला आहे. म्हणून तुमचा १८ मिलिमीटरचा झोन अडुळशाचा आहे की नाही, हेच अजून ठरलेलं नाही.

झाड स्वतः बघून पानं तोडा. फांदीचा एक तुकडा वर्तमानपत्रात दाबून वाळवा, त्यावर गाव, तारीख, कुणाच्या बांधावरून हे लिहा, आणि पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्राकडून ओळख पक्की करून क्रमांक घ्या. गुळवेलीच्या बाबतीतही हेच, तिच्यासारख्या दिसणाऱ्या वेली आहेत. पानं सावलीत वाळवा. एप्रिलमध्ये पत्र्याखाली टाकलीत तर चार तासांत कुरकुरीत होतील खरी, पण सोलापूरच्या त्या उन्हात आत काय उरलं ते सांगता येणार नाही. एकाच झाडाची पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली पानं वेगळी ठेवा, त्यातल्या द्रव्यांचं प्रमाण बदलतं.

फक्त मिथेनॉलवर थांबू नका. त्याच चुऱ्यातून आधी हेक्झेन, मग इथाइल अॅसिटेट, मग मिथेनॉल, शेवटी पाणी, असे क्रमाने अर्क काढा. टीबीच्या जंतूवर पहिल्या दोघांकडून आशा जास्त. प्रत्येक वेळी द्रावक पूर्ण उडवा. रोटरी इव्हॅपोरेटर ४० अंशांच्या आसपास, नंतर वजन स्थिर होईपर्यंत निर्वात डेसिकेटर. आत राहिलेलं थोडंसं मिथेनॉलही जंतू मारतं आणि श्रेय झाडाला जातं. शेवटी डीएमएसओ या द्रावकात विरघळवा, पण चाचणीच्या नळीत डीएमएसओ एक टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका. सेल्युलोजची साधी गाळणी डीएमएसओला टिकत नाही, तेव्हा गाळायचंच असेल तर टेफ्लॉनची घ्या.

आता खऱ्या जंतूवरची चाचणी. ती तुम्ही करणार नाही, पण कशी होते हे कळल्याशिवाय आलेला आकडा वाचता येणार नाही.

आजकाल बहुतेक ठिकाणी ९६ खाचांची प्लेट आणि रिझाझुरिन वापरतात. अलामार ब्लूने (हा रिझाझुरिनचाच रंग) अशी चाचणी करायची रीत कॉलिन्स आणि फ्रान्झब्लाऊ यांनी १९९७ मध्ये मांडली. रिझाझुरिन निळं असतं. जिवंत जंतू त्याचं रूपांतर गुलाबी रिझोरुफिनमध्ये करतात. निळं राहिलं तर वाढ नाही, गुलाबी झालं तर जंतू जिवंत.

प्लेटच्या कडेच्या सगळ्या खाचांत निर्जंतुक पाणी भरतात, कारण ३७ अंशांवर आठवडाभर ठेवल्यावर कडेचा द्रव आटतो. आतल्या खाचांत मिडलब्रुक ७एच९ हे जंतू वाढवायचं द्रव माध्यम, आणि अर्क २०० मायक्रोग्रॅमपासून निम्म्यानिम्म्याने उतरवत आणलेला. अवघड भाग जंतूचा. टीबीचा जंतू दुधासारखा एकसारखा गढूळ होत नाही. तो एकमेकांना चिकटून दोरखंडासारखा वाढतो, वरती सुरकुतलेली साय धरतो. त्याला काचेच्या मण्यांबरोबर बंद नळीत हलवायचं, मग अर्धा तास तसंच ठेवायचं, म्हणजे गुठळ्या खाली बसतात आणि उडालेले तुषारही बसतात. वरचा द्रव काढून मॅकफार्लंड १ या गढूळपणाच्या प्रमाणाशी जुळवायचा, मग वीस पट पातळ करायचा. घाईत हा अर्धा तास गाळला की एका खाचेत शंभर जंतू आणि शेजारच्या खाचेत गुठळी, आणि मग निकाल वेड्यासारखा येतो. सात दिवसांनी रिझाझुरिन घालायचं, दुसऱ्या दिवशी रंग वाचायचा.

ज्या सर्वात कमी तीव्रतेला रंग निळा राहतो ती एमआयसी. प्रत्येक प्लेटवर रायफॅम्पिसिन असलंच पाहिजे. एच३७आरव्हीवर त्याची एमआयसी ०.१ मायक्रोग्रॅमच्या आसपास यायला हवी. ती भलतीकडेच आली तर त्या दिवशीची पूर्ण प्लेट रद्द, मग तुमच्या अर्काचा निकाल कितीही गोड असो.

झाडपाल्याच्या अर्कांत एक खास अडचण येते. हिरव्या अर्कात निळा रंग ओळखता येत नाही. काही अर्क स्वतःच रिझाझुरिनला गुलाबी करतात, जंतू नसला तरी. म्हणून अर्क, माध्यम आणि रिझाझुरिन, पण जंतू नाही, अशी एक ओळ हवीच. ती नसलेला निकाल मी वाचतच नाही. आणि निळ्या राहिलेल्या खाचांतला थेंब ७एच११ अगारवर टाकून तीन-चार आठवडे वसाहती मोजाव्यात. जंतू मेलाय की नुसता थांबलाय, ते तिथेच कळतं.

तुमच्या डाळिंबाच्या सालीबद्दल विशेष सावध करते. सोलापूर डाळिंबाचं, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, साल फुकट मिळते, त्यामुळे दर वर्षी कुणीतरी ती तपासतंच आणि दर वर्षी 'उत्तम परिणाम' मिळतो. सालीत टॅनिन भरपूर असतं. टॅनिन दिसेल त्या प्रथिनाला धरतं. ७एच९ मध्ये आपण अल्ब्युमिन घालतो, त्यालाही ते धरतं आणि गढूळ साका तयार होतो. जंतूच्या बाहेरच्या प्रथिनांनाही धरतं. हे कातडं कमावण्यासारखं झालं, औषध नव्हे. पोटात घेतलेलं टॅनिन त्या रूपात फुप्फुसापर्यंत जात नाही. पॉलिअमाइडच्या स्तंभातून टॅनिन काढून टाका आणि पुन्हा तपासा. परिणाम उरला तर मला जरूर कळवा, मला मनापासून आनंद होईल.

समजा सगळं नीट झालं आणि अडुळशाची एमआयसी ५०० मायक्रोग्रॅम आली. अशा आकड्याला 'लक्षणीय' म्हणणारे लेख भरपूर आहेत. पण हिशेब करून पाहा. ५०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम. सरासरी प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ३० ते ३५ लिटर पाणी. तिथे ही पातळी गाठायची तर १५ ते साडेसतरा ग्रॅम शुद्ध अर्क रक्तात जायला हवा. दहा टक्के उतारा (शंभर ग्रॅम पाल्यातून दहा ग्रॅम अर्क) धरला तर दीड-पावणेदोनशे ग्रॅम वाळला पाला, म्हणजे पाऊण किलोच्या आसपास ओला. रोज. तोही सगळा पचून रक्तात उतरला आणि यकृताने त्यातलं काहीच मोडलं नाही, असं धरून. रायफॅम्पिसिनच्या ६०० मिलिग्रॅमच्या एका मात्रेने रक्तात साधारण ८ ते २४ मायक्रोग्रॅमची पातळी मिळते, म्हणजे एमआयसीच्या कित्येक पट. म्हणून कच्च्या अर्कासाठी १०० मायक्रोग्रॅम आणि शुद्ध रेणूसाठी १० मायक्रोग्रॅम ही वरची मर्यादा मी पाळते. आणि त्यासोबत व्हेरो पेशींवरची विषारकता हवी. पेशी निम्म्या मरतात ती तीव्रता भागिले एमआयसी, हे उत्तर दहाच्या वर गेलं तरच पुढे जायचं. मीठसुद्धा पुरेसं घातलं तर जंतू मारतं.

एवढं ऐकून अडुळशावरचा विश्वास उडू देऊ नका. अडुळशावर भारतात कित्येक दशकांपासून काम झालंय. त्यातल्या वासिसीनच्या धाग्यावरून ब्रॉमहेक्झिन हे औषध बनलं आणि त्यातून अँब्रोक्सॉल. खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर ही नावं तुम्ही वाचली असतील. ग्रेंज आणि स्नेल यांनी १९९६ मध्ये दाखवलं की ही दोन्ही द्रव्यं टीबीच्या जंतूची वाढ नळीत रोखतात. म्हणजे आपल्या आज्यांनी उकळलेल्या पानात काहीतरी होतं. पण ते 'काहीतरी' म्हणजे टीबीचं औषध नव्हे, आणि या दोन वाक्यांमधलं अंतर मोजणं हेच आपलं काम.

नळीतलं 'नाही' अखेरचं नसतं याचं सर्वात बोलकं उदाहरण आत्यांच्या गोळीतच आहे. पायरॅझिनामाइड नेहमीच्या माध्यमात जवळजवळ निष्क्रिय दिसतं. त्याला आंबट वातावरण लागतं, पीएच साडेपाचच्या आसपास. उंदरांवर तपासलं म्हणून ते सापडलं. दुसरी वाट मिरीची. जम्मूच्या सीएसआयआर संस्थेत झालेल्या कामातून पिपेरिन रायफॅम्पिसिनला जोडलं गेलं आणि त्यातून रायफॅम्पिसिन २०० मिलिग्रॅम, आयसोनियाझिड ३००, पिपेरिन १० अशी गोळी तयार झाली. इथे पिपेरिनचं काम रायफॅम्पिसिनचं शोषण वाढवण्याचं आहे. जंतू आत आलेलं औषध पंपासारखं बाहेर फेकतो, तो पंपही पिपेरिन अडवतं असं नळीत दिसलंय. वनस्पतींकडून मला आज खरी आशा या बाजूने आहे: जुन्या औषधाला साथ देणारं द्रव्य. प्लेट आडवी-उभी मांडून, एका बाजूला अर्क आणि दुसऱ्या बाजूला रायफॅम्पिसिन उतरवत नेलं, तर अशी साथ दिसते. स्मेग्मॅटिसवर हा प्रयोग तुम्ही तुमच्या लॅबमध्ये आत्ता करू शकता, आणि माझ्या मते झोनपेक्षा तो दसपट मोलाचा ठरेल.

तुमच्याकडे उरलेत पाच महिने. सहा वनस्पती फार झाल्या. अडुळसा आणि खोकली ठेवा, दोन्हींचे चार-चार अर्क काढा, स्मेग्मॅटिसवर प्लेटमध्ये एमआयसी काढा, तीन वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येक वेळी रायफॅम्पिसिन शेजारी ठेवून. बाहेर पाठवायचे ते त्यातले सर्वात चांगले दोन. काहीच मिळालं नाही तर तेही प्रबंधात आकड्यांसकट लिहा. पुढच्या वर्षी तीच खोकली घेऊन बसणाऱ्या मुलीचे सहा महिने वाचतील. गाईड 'झोनवरच पेपर करू' म्हणाले तर हे उत्तर त्यांना दाखवा, मी त्यांच्याशीही बोलायला तयार आहे.

आणि या आठवड्यात एकच गोष्ट करा. दुकानातल्या त्या पानाचा अखंडसा तुकडा शोधा, खालच्या बाजूची साल सोलून काचपट्टीवर घ्या, ४० च्या भिंगाखाली फोटो काढून पाठवा. रंध्रांभोवतीच्या पेशी आडव्या आहेत की नाहीत, ते मी बघून सांगते.